निळ्या शाईची परीक्षा

आईची पेन्सिलीतली पत्रं पुसट होऊ लागली, म्हणून ती उतरवायला अमरावतीहून झळझळीत निळी शाई आणली. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईनं बोटं रंगवलेले आम्ही, रंगाला भुललोच!

दहा पत्रं झाल्यावर शंका आली. एका कागदावर ही निळी आणि लोहक्षाराची जुनी निळी-काळी, अशा दोन्ही शाईंच्या ओळी लिहिल्या. कागद कापून अर्धा कपाटात ठेवला, अर्धा अकोल्याच्या मे महिन्यातल्या गच्चीवर. पंधरवड्यात उन्हातली निळी ओळ विटली. कपाटातली पाण्याच्या थेंबानं वाहून गेली. तो नुसता पाण्यात विरघळणारा रंग. लोहक्षार मात्र हवेनं काळा पडून कागदाच्या तंतूंत रुततो.

दहाही पत्रं पुन्हा लिहितो आहे.