मोठे टायर बसवायचे, तर क्राऊन-पिनियनचे दातेही मोजा



पाऊस सुरू होऊन पाणंद रस्ते चिखलाने भरले, की एका विषयावर हमखास विचारणा होते. तक्रार साधारण अशी असते. जीप जुनी आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण मळ्यातून माल काढताना गाडीचं पोट चिखलाला टेकतं. म्हणून मोठे टायर टाकले. गाडी उंच झाली खरी, पण आता चढाला दम खाते आणि क्लचचा वास येतो. मग कोणी म्हणतं पंप बघा, कोणी म्हणतं इंजिन बांधा. इंजिनाचा यात काही दोष नसतो. दोष असतो मागच्या डब्यातल्या दात्यांचा आणि टायरच्या घेराचा मेळ मोडल्याचा. यात थोडी आकडेमोड आहे आणि ती ऐकून ध्यानात राहत नाही, म्हणून हे पत्रक छापून देत आहोत.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरून बघा, मग तीच हात लांब करून धरा. बादलीचं वजन तेच, खांद्याचा जोर तोच, पण हात लांब झाल्यावर खांदा भरून येतो. टायरचंही असंच आहे. एक्सल म्हणजे खांदा, आणि एक्सलपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे हात. टायर मोठा केला की हात लांब होतो. इंजिन तेवढाच पीळ देतं, पण जमिनीवर ओढ कमी पडते. गाडीचे सगळेच गिअर एका फटक्यात चढे होतात, पहिलासुद्धा.

हा हिशेब परत जुळवायची जागा एक्सलच्या मधोमध असलेल्या फुगीर डब्यात आहे. तिथे शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन आणि तिला लागून मोठा क्राऊन असतो. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की एक्सलचं प्रमाण निघतं. क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दाते असतील, तर प्रमाण ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट पाचाला थोडे कमी फेरे घेतो. ४३ आणि ८ असतील तर ५.३८. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. आकडा मोठा म्हणजे चाक हळू आणि ओढ जास्त. आकडा लहान म्हणजे वेग जास्त, ओढ कमी. दुकानात "हाय रेशो द्या", "लो रेशो द्या" असं बोलू नका, प्रत्येकजण त्याचा वेगळा अर्थ घेतो. दात्यांची संख्याच सांगा.

हे दोन आकडे आम्ही उगीच घेतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ३९-८ चा संच होता. १९४५ साली विलीज कंपनीने सी.जे.-२ए नावाची मुलकी जीप काढली, ती मुख्यतः शेतीकामासाठी म्हणून. तिला टायर तोच ठेवला, ६.००-१६, पण संच ४३-८ चा केला, कारण नांगर ओढायचा तर वेग नको, ओढ हवी. पुढे जी सी.जे.-३बी महिंद्राने आपल्याकडे बनवली, तिच्या विलीजच्या मूळ गाडीचंही प्रमाण ५.३८ च होतं. मात्र आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपमध्ये काय आहे ते कागदावरून ठरवू नका. इतक्या वर्षांत किती हात लागले, कोणी कुठल्या गाडीचा एक्सल टाकला, कोण सांगणार? स्वतः मोजा.

मोजायला डबा उघडावा लागत नाही. गाडी सपाट, कडक जागी उभी करा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळा किंवा स्टँड द्या. आता इथे एक धोक्याची गोष्ट. जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकाला नसतो; गिअरपेटीच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की तो ब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण हवेतलं चाक मोकळं फिरून जमिनीवरच्या चाकाला वाट देतं. तेव्हा हातब्रेकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका. नाहीतरी मोजताना तो सोडावाच लागतो. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा, पोरांना लांब ठेवा. मग गिअर न्यूट्रल, फोर-व्हील सोडलेलं. शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करा. एकाने उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवावं आणि दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजावेत. दोन फेरे अशासाठी, की एकच चाक फिरत असलं तर क्राऊन त्याच्या निम्माच फिरतो. पाचाला जरा कमी फेरे आले तर ४.८८, पाच आणि वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त आले तर ५.३८.

आता टायर. टायरवर लिहिलेल्या आकड्यावर हिशेब करू नका, घेर मोजा. नेहमीची हवा भरा, नेहमीचं ओझं गाडीत असू द्या, टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, आणि गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे घेर. नवा टायर अजून घ्यायचा असेल तर दुकानात त्याला फीत गुंडाळून घेर घ्या, पण मग जुन्या टायरचाही फितीनेच घ्या. ओझ्याखाली टायर दबतो, त्यामुळे एक घेर जमिनीवरचा आणि दुसरा फितीचा घेतला तर हिशेब चुकेल.

समजा जुन्या टायरचा घेर ८८ इंच आला आणि नव्याचा ९७ इंच. ९७ ला ८८ ने भागा: १.१० आणि वर किंचित. म्हणजे टायर दहा टक्क्यांनी मोठा झाला. एक्सलचं प्रमाणही तेवढ्याच पटीने वाढवा. ४.८८ ला १.१० ने गुणा, आकडा ५.३८ च्या अगदी जवळ येतो. म्हणजे ३९-८ काढून ४३-८ बसवला की गाडी होती तशी ओढायला लागेल. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असताना ही जीप टॉप गिअरला जुन्या टायरवर तासाला सुमारे ६६ किलोमीटर धावायची. नुसता टायर बदलला तर तेवढ्याच फेऱ्यांना ती ७३ च्या आसपास जाते. ऐकायला बरं वाटतं, पण भरल्या गाडीला तो वेग पेलत नाही आणि माणूस गिअर उतरवून चालवत राहतो. संच बदलला की पुन्हा ६६. शिवाय जीपच्या वेगमापकाची केबल गिअरपेटीकडच्या बाजूने, शाफ्टच्या फेऱ्यांवर चालते. म्हणून नुसता टायर बदलल्यावर काटा ५० दाखवत असताना गाडी खरं तर ५५ ने धावत असते. संच बदलला की काटाही ताळ्यावर येतो.

फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर आमचं मत असं, की संचाला हात लावू नका, तो खर्च दिसून येणार नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर मात्र टाळू नका. हवा तो आकडा मिळतच नसेल, तर ज्याला चढ आणि ओझं जास्त त्याने जवळचा मोठा आकडा घ्यावा, ज्याचं निम्मं काम डांबरी सडकेवर त्याने जवळचा लहान. आधीच ५.३८ असेल तर दहा टक्के मोठ्या टायरला ५.९३ लागेल. तसा संच सहजी मिळेल असं धरून चालू नका. त्यापेक्षा टायरच ७.००-१६ च्या आसपास ठेवा.

एक अपवाद आहे. पुष्कळ जुन्या पेट्रोल जीपांना नंतर डिझेल इंजिनं बसवली गेली. डिझेल कमी फेऱ्यांचं, पण खालच्या फेऱ्यांना पीळ देणारं. त्याच्यामागे ५.३८ असेल तर गाडी सडकेवर नुसती ओरडते, पळत नाही. अशा गाडीला दहा टक्के मोठा टायर लावला तर तिचं प्रमाण परत ४.८८ सारखं होतं, आणि ते इंजिनाला मानवतं. इथे संच न बदलणंच शहाणपणाचं. म्हणून शेजाऱ्याने काय बसवलं ते बघून आपलं ठरवू नये.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. फोर-व्हील जीपला दोन डबे असतात, मागे एक, पुढे एक. पैसे वाचवायला काहीजण फक्त मागचा संच बदलतात. आमच्या माहितीतल्या एका जीपचं असंच झालं. उन्हाळाभर काही जाणवलं नाही, कारण पुढचं चाक ओढायला लावलंच नव्हतं. पहिल्या चिखलात फोर-व्हीलचा दांडा टाकला. चिखलात चाकं घसरत होती तोवर गाडी चालली. बांध ओलांडून कडक रस्त्याला लागली आणि तटकन आवाज झाला. पुढचा एक्सल एका वेगाने जाऊ बघतो आणि मागचा दुसऱ्या; दोघांमध्ये दहा टक्क्यांची ओढाताण, आणि मधल्या पेटीचे दाते त्यात सापडतात. दोन्ही डब्यांतलं प्रमाण एकच हवं, चारही टायर एकाच घेराचे हवेत. दोन्ही संचांचे पैसे जमत नसतील तर थांबा आणि तोवर जुने टायर वापरा.

घाट उतरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. माळशेज किंवा आंबोली भरल्या गाडीने उतरताना आपण गिअरमध्ये गाडी रोखून धरतो. टायर मोठा झाला की जसा चढाला जोर कमी पडतो, तसाच उताराला रोखही कमी पडतो. पायातला ब्रेकही ड्रम तोच असल्याने दहा टक्क्यांनी अशक्त होतो, कारण हात इथेही लांब झालेला आहे. संच बदलल्याने इंजिनाची रोख परत येते, ब्रेकची येत नाही. तेव्हा लायनर, सिलिंडर तपासूनच मोठा टायर चढवा, आणि घाट नेहमीपेक्षा एक गिअर खाली उतरा.

आणि इतकं करून गाडी किती उंच होते? टायरचा व्यास २८ चा ३१ इंच झाला तर लोक समजतात तीन इंच उचलली. उचलते दीडच इंच, कारण व्यासाचा निम्माच भाग एक्सलच्या खाली असतो. दीड इंचासाठी एवढा खटाटोप करायचा का, हे आधी ठरवा. वर्षातले पंधरा दिवसच चिखल असेल, तर चांगल्या गोट्यांचा मूळ मापाचा टायर, फोर-व्हील आणि लो गिअरचा दांडा यावर काम निभतं. काळ्या रानात तर गोट्यांत माती एकदा लिंपली की मोठा टायरही गुळगुळीतच होतो. नोंदणी झालेल्या गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. म्हणून टायर घेण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्या. अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी कळणं बरं नाही.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. चार चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे पुढचे टायर लहान असतात, आणि दाते असे बेतलेले असतात की पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढत राहतील, बहुधा एक ते पाच टक्के. मागे १३.६-२८ च्या जागी १४.९-२८ टाकला आणि पुढचा तोच ठेवला, तर मागचा घेर चार-पाच टक्क्यांनी वाढतो आणि पुढची ओढ संपते. उलट पुढची चाकं ब्रेकसारखी मागे खेचतात, टायर झिजतात, डिझेल जळतं. ट्रॅक्टरचे दाते आपण बदलत नाही, म्हणून तिथे टायर दात्यांना जुळवून घ्यायचा. पुस्तिकेत दिलेली पुढची-मागची जोडीच घ्या. शंका असेल तर मोकळ्या मुरमाच्या सपाट जागी मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत सरळ जा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा, एकदा फोर-व्हील सोडून, एकदा लावून. सोडून १४ आले आणि लावून साधारण १४.४, तर ओढ सुमारे तीन टक्के, म्हणजे ठीक. लावल्यावर फेरे वाढलेच नाहीत किंवा कमी झाले, तर जोडी चुकली.

जीपचा संच घेताना क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीचे बघून घ्या. दोघांवर जुळणीचा एकच आकडा कोरलेला असतो. भंगारातून एक इथला, एक तिथला असं करू नका. बसवणारा माणूस शिम घालून पिनियनची खोली जुळवतो का, दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहतो का, हे उभं राहून बघा. "चालवून बघा, आपोआप बसेल" म्हणणाऱ्याकडून काम घेऊ नका. बसवल्यावर पुस्तिकेत सांगितलेलं ९० नंबरचं हायपॉइड तेलच भरा. पहिले काही दिवस गाडी रिकामी किंवा हलक्या ओझ्याने चालवा, लांब पल्ल्यावर मधे थांबून डब्याला हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतका तापला तर मिस्त्रीकडे परत न्या. सुमारे ८०० किलोमीटर झाले की ते तेल काढून टाका, आणि काढलेलं तेल कापडावर ओतून त्यात लोखंडाचे कण आहेत की तुकडे, ते बघा. बारीक चमकी असेल तर ठीक. तुकडा सापडला तर डबा उघडायलाच हवा.