एक-पाच-तीन-सहा-दोन-चार!

दोस्तांनो, गोष्ट १९९३ सालच्या पावसाळ्यातली. मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकजवळच्या एका गॅरेजमध्ये कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक संध्याकाळपासून उभा होता. मी तेव्हा आठवीत होतो. गॅरेज आमच्या घराला लागूनच, त्यामुळे पुस्तक उघडं टाकून तिथे घुटमळणं हा माझा रोजचा उद्योग!

ट्रकचा डिझेल पंप बिघडला होता. तो उतरवून शहरात दुरुस्त करून आणला. मोठे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते नमाजाला गेलेले असताना त्यांच्या हाताखालच्या पोराने तो बसवलासुद्धा. फ्लायव्हीलवरची खूण जुळवली, पंपाची खूण जुळवली, नळ्या आवळल्या. सगळं नेटकं, पुसून-बिसून.

मग सेल्फ मारला. इंजिन घर्रर्र करून फिरलं, पण सुरू होईना. सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. पुन्हा सेल्फ, पुन्हा धूर. बॅटरी बसत चालली. वरून पाऊस आणि ताडपत्रीखाली कांदा. ज्याचा माल तो शेतकरी ट्रकबरोबरच होता. दर पाच मिनिटांनी तो गोणीत हात घालून बघायचा. ओल लागलेला कांदा गोणीत गरम व्हायला लागला की सडायला वेळ लागत नाही, आणि सकाळी वाशीच्या बाजारात पोचायचं होतं. तो कुणाला काही बोलत नव्हता. हात घालायचा, बाहेर काढायचा, वास घ्यायचा.

चाचा आले. एकदा सेल्फ मारायला लावला, धुराचा वास घेतला आणि इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण उघडलं. पोराला इंजिन हाताने हळूहळू फिरवायला सांगून ते आत वाकून बघत राहिले. खूण जुळली तसे हसले.

"अरे बाळा, तू एकाचा टाइम लावलाच नाहीस. सहाचा लावलास!"

आता हे एक आणि सहा म्हणजे कोण, आणि खूण बरोबर जुळूनही पोराचं चुकलं कसं? हे समजलं ना, की ट्रकच्या पोटात काय चालतं ते तुम्हाला बरंचसं समजलं. चला तर मग.

विज्ञानाच्या पुस्तकातलं 'नळकांडं' म्हणजे मिस्त्रींचा सिलिंडर आणि 'दट्ट्या' म्हणजे पिस्टन. हा पिस्टन चार वेळा खाली-वर करतो तेव्हा एक काम पुरं होतं. पहिल्यांदा खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती हवा दाबतो. मग धडाका होतो आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर हाकलतो. ओढ, दाब, धडाका, बाहेर! या चारांत कामाचा धडाका एकच, बाकीच्या तीन फेऱ्या नुसती तयारी.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, बरं का. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, ते आठवतंय? तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. हवा सोळा-सतरा पट आकसली की पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. नेमक्या त्या क्षणी, हे महत्त्वाचं. थंड, न दाबलेल्या हवेत फवारा मारला तर डिझेल पेटत नाही. पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. त्या रात्री हेच चाललं होतं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं त्याला एकच सिलिंडर होता. ते इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात आहे. शेतावर पाणी ओढणारं एका सिलिंडरचं इंजिन तर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. टुक… टुक… टुक… दोन टुकांच्या मधल्या वेळात जड चाकाच्या जोरावर फिरत राहायचं. पाणी ओढायला ते ठीक आहे. पण दहा टन माल घेऊन कसारा घाट चढायचा तर असे हिसके देऊन कसं चालेल? म्हणून सिलिंडर वाढवायचे, आणि एकाची तयारी चाललेली असताना दुसऱ्याचा धडाका होईल अशी पाळी लावायची.

आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेलं टाटाचं ६९७ हे इंजिन घ्या. नावातच गुपित आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर! पिस्टनची खाली-वर धाव १२८ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र शिकला असाल तर वही काढा आणि सहा सिलिंडरांचं घनफळ काढा. सुमारे ५,६७५ घन सेंटिमीटर यायला हवं. नाही आलं तर व्यासाची त्रिज्या करायची राहिली असेल. (माझी राहिली होती.)

हे सहा सिलिंडर एका सरळ ओळीत उभे असतात. पंख्याच्या बाजूचा एक नंबर, तिथून मागे मोजत सहा. सगळे पिस्टन खालच्या एकाच लांब दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, जोडलेले. सिलिंडर दोन ओळींत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसवलेली इंजिनंही असतात, पण ट्रकमध्ये आपल्याकडे सरळ ओळीचंच राज्य.

क्रँकशाफ्ट दोनदा पूर्ण फिरला की प्रत्येक पिस्टनच्या चारही फेऱ्या होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत सहा धडाके, एका फेरीत तीन. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० धडाके, सेकंदाला शंभर! आपल्याला त्याचा एकच सलग घुमारा ऐकू येतो.

आता खरी गंमत. ही सहा जणांची पाळी कशी लावाल? तुम्ही म्हणाल, सोपं आहे, १-२-३-४-५-६, शाळेच्या रांगेसारखं. पण इंजिन तसं चालत नाही. त्याची पाळी असते १-५-३-६-२-४. यालाच फायरिंग ऑर्डर म्हणतात, आणि ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोराकडून ती पाढ्यासारखी घोकून घेतात.

का बरं? क्रँकशाफ्ट कसा वाकवलेला असतो ते आधी बघू. त्याचा पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग म्हणजे एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. त्यामुळे पुढचे तीन पिस्टन इंजिनाला जसे झुलवू बघतात, तसेच मागचे तीन बरोबर उलटे झुलवतात आणि इंजिन स्थिर राहतं. सहा सिलिंडरचं सरळ इंजिन इतकं शांत चालतं त्याचं कारण हेच.

या आरशामुळे जोड्या लागतात. १ आणि ६ नेहमी एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. तसेच २ आणि ५. तसेच ३ आणि ४. पण जोडीतले दोघे वर येतात तेव्हा काम वेगवेगळं करत असतात. एकाची हवा दाबून धडाक्याला तयार, तर दुसरा धूर बाहेर टाकून मोकळा. पुढच्या फेरीला उलट.

पोराचं काय चुकलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. फ्लायव्हीलवरची खूण एवढंच सांगते, की एक आणि सहा वर आलेत. त्यातला धडाक्याला तयार कोण, हे ती सांगत नाही. खूण जुळली होती खरी, पण तयार होता सहावा, आणि पोराने पंप बसवला पहिल्याचा समजून. मग पंप प्रत्येक सिलिंडरला नेमकं धूर टाकायच्या वेळी डिझेल पाजत बसला!

आता कागद-पेन्सिल घ्या. जोड्यांची पाळी अशी: आधी १/६ ची जोडी, मग २/५ ची, मग ३/४ ची, आणि पुन्हा तशीच. सुरुवात १ पासून करा. पुढे २ किंवा ५, त्यापुढे ३ किंवा ४ घ्या. जोडीतला उरलेला गडी दुसऱ्या फेरीत त्याच जागी येणार. अशा चारच पाळ्या लागतात:

१-२-३-६-५-४
१-२-४-६-५-३
१-५-४-६-२-३
१-५-३-६-२-४

यातल्या कोणत्या पाळीत शेजारी-शेजारी बसलेले दोन सिलिंडर लागोपाठ पेटत नाहीत? पहिलीत १ नंतर लगेच २ आहे, दुसरीतही. तिसरीत ५ नंतर ४. एकटी चौथीच पास होते! शिवाय तिच्यात एक धडाका पुढच्या तिघांत, तर पुढचा मागच्या तिघांत, असा आलटून-पालटून होतो. शेवटचा ४ आणि पुन्हा येणारा १ सुद्धा लांब-लांब.

लांब ठेवायचे कशासाठी? ओला पंचा पिळताना आपण काय करतो, आठवा. लांब क्रँकशाफ्टच्या एकाच टोकाला लागोपाठ ठोसे बसले तर तोही जरासा पिळवटतो. पोलादाचा असला म्हणून काय झालं! सेकंदाला शंभर ठोसे, तेही लाखो किलोमीटर. शेजारच्या दोघांच्या मधल्या बेअरिंगवर लगोलग दोनदा भार येतो तो वेगळाच. म्हणून ठोसे वाटून द्यायचे.

जपानी बनावटीच्या काही ट्रक इंजिनांत १-४-२-६-३-५ अशी पाळी असते. ती वेगळी वाटते का? एकापासून उलटी वाचून बघा.

फायरिंग ऑर्डर पाठ होत नसेल तर सापशिडीचा फासा हातात घ्या. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात असते. इथेही तेच! १ आणि ६ सात, ५ आणि २ सात, ३ आणि ४ सात. पाळीतले पहिले तीन आकडे आठवले की पुढचे तीन सातातून वजा करून मिळतात. टाटा ४०७ या छोट्या ट्रकचं ४९७ इंजिन चार सिलिंडरचं. त्याची पाळी १-३-४-२, आणि जोडीची बेरीज पाच.

मिस्त्री लोक या पाळीवर फार विसंबून असतात. सहातला एखादा सिलिंडर पेटेनासा झाला की इंजिन लंगडी घालतं. मिस्त्री म्हणतात, "गाडी मिसिंग मारते." मग जुन्या इंजिनात एकेका नोझलच्या नळीचा नट जरासा ढिला करून आवाज ऐकायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. नाही बदलला तर आळशी सापडला! हे फक्त लांबून बघायचं, हं. नळीतल्या डिझेलचा दाब एवढा असतो की बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते. आणि आताच्या ट्रकमध्ये तर मिस्त्रीसुद्धा असं करत नाहीत, कारण तिथे दाब एक हजार बारच्याही पुष्कळ वर असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा नियम लागू झाले. आता कोणत्या नोझलने कधी फवारा मारायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. पण त्यालाही पाळी हीच सांभाळावी लागते.

तर त्या रात्री. चाचांनी पोराला रागावलं-बिगावलं नाही. पंप पुन्हा सोडायला लावला, आणि इंजिन एक पूर्ण फेरा फिरवलं. एकच फेरा! खूण परत त्याच जागी आली. झाकणाखाली बोट दाखवून ते म्हणाले, "आता सहाचे व्हॉल्व्ह बघ. एक मिटतोय, दुसरा उघडतोय, झुलतायत. म्हणजे सहावा धूर टाकून मोकळा झाला. मग तयार कोण?"

"एक," पोरगं म्हणालं.

पंप बसला, नळ्या आवळल्या. बॅटरीत जीव उरला नव्हता, म्हणून ट्रकला धक्का मारायला आम्ही सगळे चिखलात उतरलो, शेतकरीही. तिसऱ्या धक्क्याला काळ्या धुराचा एक लोट निघाला आणि इंजिन घुमायला लागलं. शेतकऱ्याने शेवटची एकदा गोणीत हात घातला, हात झटकला आणि केबिनमध्ये चढला. रात्रीचा दीड वाजला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता मी गॅरेजमध्ये डोकावलो, तर चाचा दुसऱ्याच एका ट्रकचं झाकण उघडून उभे होते.

"पाचाचे व्हॉल्व्ह लावायचेत," ते पोराला विचारत होते. "झुलताना बघशील कुणाचे?"

पोराने बोटांवर काहीतरी मोजलं. तुम्हीही मोजा.

"दोनाचे, चाचा."

"मग फिरव इंजिन."