जमिनीखालचं बाळ

इंडोनेशियातले तोराजा लोक मेलेल्या माणसाला अंत्यविधीपर्यंत घरातच ठेवतात. कधी महिने, कधी वर्षं. तोवर तो फक्त ‘आजारी’! मोरिवलीत बसून रील बघताना आपण ‘ईऽऽ’ करतो.

पण शिरूर तालुक्यातलं इनामगाव ऐकलंय? 1968 पासून डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तान्ही मुलं पुरलेली निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ. मोठ्यांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. मेलेला चालत निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. डेंजर आहे, कबूल.

तोराजा दात न आलेलं बाळ जिवंत झाडाच्या खोडात ठेवायचे. इनामगावची आई बहुतेक त्याच जमिनीवर रोज सारवत असेल.