माहेर नगर, सासर विजापूर

सभेत कुणी कडाडून बोललं की आपण त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरी तोफ विजापूरच्या पश्चिम तटावर, शेर्झा बुरुजावर आजही आहे. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी जिभेनं ‘मलिक’चा ‘मुलूख’ केला आणि आपल्याकडे तेच रुजलं.

नजर खिळते ती तिच्या तोंडावर. सिंहाचा वासलेला जबडा आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती! लांबी सुमारे 14 फूट, वजन 55 टनांच्या घरात, नळीचं भोक सव्वादोन फुटांचं. एवढा धातू ओतायचा, तोही इतक्या नाजूक नक्षीसह. त्या कारागिरीपुढे मी तरी हात जोडतो. तो उस्ताद होता तुर्की महंमद बिन हसन रूमी. नाव तोफेवरच कोरलेलं आहे. ओतकाम झालं 1549 मध्ये आपल्या अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत तिच्यात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून डागल्या, असं सांगतात.

पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. तिथून 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ती विजापूरला आणली. नावेत हत्ती उभा करून त्याचं वजन काढल्याची तुळापूरची गोष्ट ज्याच्या नावावर आहे, तोच हा मुरारपंत! तोफ ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले म्हणे. तिची जोडीदारीण कडक बिजली वाटेत नदीत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. बत्ती दिली की कानठळ्या चुकवायला गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, ही कथा तर तिथं प्रत्येकाच्या तोंडी. भर उन्हातही तिचा धातू गार लागतो आणि टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो, असंही लोक सांगतात. तिला हात लावून मनातली इच्छा बोलणारेही आहेत.

1686 मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरवला. इंग्रजांना मात्र ती अडगळ वाटली. 1854 मध्ये त्यांनी लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली 150 रुपयांची. एवढ्याशा पैशांत ही तोफ मोडीत जाणार होती, या विचारानं आजही अंगावर काटा येतो. सुदैवानं तो सौदा रद्द झाला आणि तोफ बुरुजावरच राहिली.