ज्वालामुखीच्या पोटातलं निवडुंगवन

बेटांवरची झाडं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण हवाईमधल्या ओआहू बेटाच्या कोओलाऊ डोंगररांगेत होतो, शेवाळात आणि नेच्यांत. आज त्याच बेटाच्या आग्नेय टोकाला जाऊ. वायकिकीहून गाडीनं साधारण अर्ध्या तासावर कोको क्रेटर नावाचं विवर आहे. त्याच्या बाहेरच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले रेल्वेचे लाकडी स्लीपर हजाराहून जास्त पायऱ्यांसारखे चढत गेले आहेत, आणि ते चढून माथ्यावर फोटो काढायला रोज झुंबड उडते. विवराच्या पोटात मात्र १९५८ साली सुरू झालेलं साठ एकरांचं वनस्पती उद्यान आहे, कोरड्या प्रदेशातल्या झाडांचं. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. मला विचाराल तर पायऱ्यांचा नाद सोडावा आणि आत शिरावं.

वर येणाऱ्या शिलारसाची समुद्राच्या पाण्याशी गाठ पडली, वाफेचे स्फोट झाले, राख उडाली आणि थरावर थर बसून तिचा दगड झाला, असा या विवराचा जन्म. ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी बरीचशी राख नैर्ऋत्येला नेऊन टाकली. म्हणून तिकडची कड ३६८ मीटर उंच आणि ईशान्येची बाजू बुटकी. बागेत जायची वाट याच बुटक्या बाजूनं आहे.

पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर निवडुंग कशाला? ही हौस नाही, इथलं हवामानच तसं आहे. समुद्र शेजारी असला म्हणून पाऊस पडतोच असं नाही. ओली हवा वर ढकलायला डोंगर लागतो. कोओलाऊच्या कुशीतल्या मानोआ दरीत, लायन आर्बोरेटममध्ये, वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कोको क्रेटरच्या टोकाला डोंगर संपतो, विवराची कड काही ढग अडवण्याइतकी उंच नाही, त्यामुळे इथे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर भागतं. महाबळेश्वरहून निघून त्याच दिवशी माण-खटावच्या माळावर पोहोचलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे जो काही पाऊस येतो तो बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळा कडक कोरडा जातो, आणि विवराच्या तळाशी तो तापतोही चांगलाच.

सुरुवातीलाच चाफ्याची राई लागते. आपल्या देवळांच्या आवारातला हा चाफा मूळ अमेरिकेचा. हवाईत तो १८६० मध्ये विल्हेल्म हिलेब्रँड या जर्मन डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञानं आणला. आज हवाईच्या लेई माळा त्याच्यावाचून डोळ्यांपुढे येत नाहीत. त्याच्या जाड, गरदार फांद्यांत पाणी साठतं आणि कोरड्या दिवसांत तो पानं गाळून मोकळा होतो. निवडुंगांच्या बागेत तो शोभेपुरता नाही, हक्कानं उभा आहे.

पुढे अमेरिकेचा विभाग आणि आफ्रिकेचा विभाग दोन्ही पाहून झाले की गोंधळ उडतो. इकडे उंच, धारांचे, काटेरी खांब आणि तिकडेही तसेच. अमेरिकेतले कॅक्टस कुळातले, आफ्रिकेतले युफोर्बियाचे, म्हणजे आपल्या शेर आणि त्रिधारी निवडुंगाचे भाऊबंद. दोघांचं नातं फार लांबचं. कोरड्या हवेनं दोघांना एकाच साच्यात घडवलं. ओळखायचं तर काट्याच्या बुडाशी नीट बघा. कॅक्टसचा काटा लोकरीसारख्या बारीक गादीतून निघतो आणि सहसा झुबक्यानं येतो. काटेरी युफोर्बियाला ती गादी नसते. त्यातल्या बहुतेकांचे काटे जोडीजोडीनं, शिंगांसारखे. चीक येतो का हे बघायला फांदी मोडू नये. एक तर बाग सार्वजनिक, आणि तो चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागेल.

यातल्या बऱ्याच झाडांची खरी करामत रात्री चालते. दिवसा पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जाणार, म्हणून ही मंडळी ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच साठ्यावर साखर तयार होते. या व्यवहाराचा पहिला धागा हिंदुस्थानात मिळाला, तोही जिभेवर. बेंजामिन हाइन या निसर्गअभ्यासकानं पानफुटीची पानं चावून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. त्याचं हे टिपण १८१५ मध्ये छापलं गेलं. पानफुटी मूळची मादागास्करची, आणि आता हवाईतही रानोमाळ पसरली आहे. (हा प्रयोग घरी करू नका, पानफुटी गुरांना बाधते.)

मात्र इथलं खरं मोलाचं झाड निवडुंग नव्हेच. एकही कॅक्टस हवाईचा मूळ रहिवासी नाही, सगळे पाहुणे. यजमान म्हणजे विलीविली, आपल्या पांगाऱ्याचा सख्खा. ते फक्त हवाईतच उगवतं, ऐन उन्हाळ्यात पानं टाकतं आणि मग केशरी, पिवळ्या, फिकट हिरव्या फुलांनी भरतं. त्याचं लाकूड इतकं हलकं, की जुने हवाईयन लोक होड्यांच्या बाजूचे तरंगते दांडे त्यातून करत. गुरं, वणवे आणि घरबांधणी यांत कोरडी जंगलं गेली, त्यांच्याबरोबर विलीविलीही विरळ झालं. उरलेल्यातला एक गट या विवरात आहे.

२००५ मध्ये त्यावरही संक्रांत आली. जेमतेम दीड मिलिमीटरची एक गांधीलमाशी ओआहूवर सापडली. ती कोवळ्या पानात अंडी घालते, पान गाठींनी सुजून वेडंवाकडं होतं आणि झाड खंगत जातं. काही महिन्यांत ती बेटाबेटांवर पोहोचली. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेले आपल्याकडचे पांगारे तिथे जवळजवळ साफ झाले. मग आफ्रिकेत, टांझानियात, तिच्या अळ्यांवर जगणारी दुसरी गांधीलमाशी मिळाली. चाचण्या करून २००८ मध्ये ती सोडली, आणि पानांचा उपद्रव चांगलाच उतरला. फुलं आणि शेंगा अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. वाट साधारण सव्वातीन किलोमीटरची, सावली तुटक आणि आत दुकान नाही, तेव्हा पाणी बरोबर हवंच. प्रवेश फुकट.

(पुढच्या आठवड्यात : काऊआई बेटावरची अलाकाईची दलदल)