खेळावर खटला, कारण मोकाट!

मुलाच्या हातून काही आगळीक घडली की मोबाईलवरच्या गेमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, ही सवयच झाली आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक आई आली. तिच्या नववीतल्या मुलाने वर्गमित्राला मारले होते. 'मारामारीच्या गेममुळे मुलगा हिंसक झाला' असे लिहून शाळेने त्याला काढून टाकण्याची नोटीस दिली. त्या कागदात मुलाचे म्हणणे कुठेच नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तो मला रोज जातीवरून चिडवायचा."

मारणे चूकच. पण गुन्ह्याचे कारण पुराव्याने ठरते, समजुतीने नव्हे!

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली १८ वर्षांखालील मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास बंदी करणारा कायदा केला. २७ जून २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरविला. राज्याने मानसशास्त्रज्ञांचे अभ्यास पुढे केले होते. त्यांत मोजले काय होते? गेम खेळून उठलेली मुले एका इंग्रजी शब्दातील गाळलेले अक्षर भरताना 'शोध' ऐवजी 'स्फोट' असा अर्थ होईल ते अक्षर भरतात, किंवा पुढची काही मिनिटे मोठा आवाज करतात! न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी बहुमताच्या निकालात स्पष्ट केले, की यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कार्टून पाहूनही जवळपास तेवढाच परिणाम होतो, हे राज्याच्याच तज्ज्ञाने मान्य केले होते.

२०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारले. हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेला मात्र ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी लहानसा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी संबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नाही आणि गेमला दोष दिल्याने खऱ्या कारणांवरून लक्ष उडते, असे तिने २०२० मध्ये बजावले.

आपल्याकडे पुराव्याची वाट कोण पाहतो? मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी 'पबजी'वर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली!

गेमची तरफदारी आम्ही करीत नाही. रात्र रात्र मोबाईल घेऊन बसणाऱ्या मुलाची झोप आणि अभ्यास बुडतो. तेथे आईबापांनी लगाम घातलाच पाहिजे. पण गेमला दोष दिला की शाळा सुटते, शिक्षक सुटतात आणि चिडवणाराही सुटतो. शिक्षा भोगतो तो आपला मुलगा.

आम्ही नोटिशीला उत्तर देऊन तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: गेमचा पुरावा काय, चिडवण्याची तक्रार कोणाच्या कानावर गेली होती, आणि त्यावर काय कारवाई झाली? पालकांनो, असा कागद तुमच्या हाती आला तर घाबरून सही करू नका. आधी मुलाला जवळ बसवा, त्याचे ऐका. मग शाळेला हेच तीन प्रश्न विचारा!