जनावरांच्या पाण्याच्या हौदातील डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त

पावसाळा लागला की गोठ्यात डास वाढतात. मग तिन्हीसांजेला गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धूर केला जातो. धूर असेपर्यंत डास दूर राहतात, पण ते जेथे तयार होतात ती जागा तशीच राहते. ही जागा बहुधा गोठ्यापासून दहा-वीस पावलांवरच असते आणि ती म्हणजे जनावरांसाठी भरून ठेवलेला पाण्याचा हौद किंवा पिंप.

पुणे-पौड रस्त्यावरील कासार आंबोली आणि आसपासच्या मुळशी तालुक्यातील गावांत भातशेतीला दुभत्या जनावरांची जोड आहे. भातखाचरातील पाण्यातही डास वाढतात, परंतु पीक उभे असताना ते पाणी काढून टाकणे नेहमी शक्य नसते. हौदाचे तसे नाही. तो पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

अळ्या असलेले पाणी जनावर प्याले तर काय होते, असे पुष्कळ शेतकरी विचारतात. अळी विषारी नसते. मात्र हौदात अळ्या वळवळताना दिसणे याचा अर्थ ते पाणी अनेक दिवस हललेले नाही. अशा पाण्यात शेवाळ, शेण व चाऱ्याचा कुजका भाग असतो. जनावर ते नाखुशीने पिते, पाणी कमी प्याले की दूध घटते. खरा धोका अळीचा डास झाल्यावर सुरू होतो. डास रात्रभर चावत राहिले तर जनावरे अस्वस्थ राहतात, नीट रवंथ करीत नाहीत. गायी-म्हशींना येणारा तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, हा डास व चिलटांसारख्या चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. २०२२ साली राज्यात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. त्या रोगाचे विषाणूही डास, चावऱ्या माशा व गोचीड यांच्यामार्फत एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात.

घरातील माणसांनाही हाच हौद भोवतो. डेंगी, चिकुनगुनिया व झिका पसरविणारा एडिस डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुनियाची साथ आली होती. राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आढळला तो पुणे शहरात नव्हे, तर पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावात. पाणी साठवून ठेवणाऱ्या खेड्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डास हौदात कसे तयार होतात

अंडी, अळी, कोष व डास अशा चार अवस्था आहेत. उबदार हवामानात अंडी उबल्यापासून डास उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. अळी पाण्यात राहत असली तरी श्वास हवेतूनच घेते, त्यासाठी तिला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. माणसाची सावली पडताच ती तळाशी जाते. म्हणून हौदाजवळ दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून पाहावे, तेव्हाच खरी संख्या कळते. स्वल्पविरामासारखे वाकडे जीव दिसले तर ते कोष होत. त्यांतून एक-दोन दिवसांत डास बाहेर पडणार असे समजावे.

सर्वांत महत्त्वाची बाब अंड्यांची आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, हौदाच्या ओलसर भिंतीला चिकटविते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढले की उबतात. आता आपली नेहमीची पद्धत पाहा. जनावरे पितात, पातळी खाली जाते, आपण वरून पुन्हा हौद भरतो. म्हणजे भिंतीवरची अंडी आपणच पाण्याखाली आणतो. नुसते पाणी बदलून अळ्या जातात, पण भिंत न घासल्यास पाणी भरताच नव्या अळ्या तयार होतात.

हिशेबही करून पाहावा. एका दुभत्या संकरित गाईला दिवसाला सुमारे ६० लिटर पाणी धरले तर तीन गाईंना १८० लिटर लागते. १,००० लिटरचा हौद रिकामा व्हायला साडेपाच दिवस लागतील. पावसाळ्यात हिरवा चारा भरपूर असतो, जनावरे ओढ्यावरही पितात, त्यामुळे हौदातील खप निम्म्यावर येतो. तेच पाणी मग दहा-अकरा दिवस साचून राहते, शिवाय वरून पाऊस भर घालतो. हौद गरजेपेक्षा मोठा असणे हेच पुष्कळदा डासांचे मूळ कारण असते.

आठवड्यातून एकदा काय करावे

आठवड्याचा एक वार ठरवावा, आरोग्य खाते यालाच कोरडा दिवस म्हणते. आदल्या दिवशी हौद भरू नये, म्हणजे पाणी वाया जात नाही. उरलेले पाणी मोरीत न सोडता कोरड्या जमिनीवर पसरून टाकावे. तेथे अळ्या मरतात, गटारात मात्र त्या वाढू शकतात. नंतर काथ्याने किंवा ताठ ब्रशने चारही भिंती, विशेषतः पाण्याच्या रेषेचा पट्टा, कोपरे व काठाची आतली बाजू जोर लावून घासावी. घासलेला गाळ धुऊन बाहेर काढावा आणि हौद उन्हात वाळू द्यावा. उन्हाळ्यात टंचाई असल्यास जुने पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यावे व हौद घासल्यावर परत वापरावे. आतून चुना लावल्यास शेवाळ कमी धरते आणि पांढऱ्या भिंतीवर अळ्या चटकन दिसतात. चुना पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नये.

मोठी टाकी दर आठवड्याला उपसणे जमत नाही. तेथे गप्पी मासे सोडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चौकशी केल्यास ते मिळू शकतात. लहान टाकीला पाच-दहा मासे पुरतात. हे मासे पिले घालतात, त्यामुळे संख्या आपोआप वाढते. मात्र विहीर, ओढा वा नदीत ते सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. ताज्या चुन्याच्या किंवा नव्या सिमेंटच्या हौदात ते मरतात. गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारताना टाकी झाकून घ्यावी, कारण ही औषधे माशांना अत्यंत घातक आहेत.

औषधांबाबत गैरसमज बरेच आहेत. तुरटीने गाळ बसतो, अळ्या मरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात टाकतो त्या मात्रेच्या ब्लीचिंग पावडरनेही त्या मरत नाहीत. रॉकेल किंवा जळके ऑइल गटारात चालेल, जनावरांच्या पाण्यात मुळीच टाकू नये. पिकावरचे कीटकनाशक हौदात टाकणे म्हणजे जनावराला विषबाधा करणे होय. टेमिफॉस हे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच योग्य मात्रेत टाकून घ्यावे. बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक जनावरे व मासे यांना सुरक्षित आहे. लेबलवरील मात्रेप्रमाणे वापरावे. अळीने ते खाल्ले तरच ती मरते. कोष काही खात नाही, त्यामुळे कोष झाल्यावर ते वापरून उपयोग नाही.

हौद स्वच्छ असूनही डास हटत नसतील तर गोठ्याभोवती फिरून पाहावे. कोंबड्यांची भांडी, शेळ्यांना पाण्यासाठी ठेवलेले अर्धे टायर, हातपंपाजवळचा खड्डा, गोठा धुतलेल्या पाण्याचे डबके ही नेहमीची ठिकाणे आहेत. पेंढ्याच्या गंजीवरील प्लास्टिक कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या जुन्या टायरांकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यांत पावसाचे पाणी महिनोन्महिने साचते. टायरांऐवजी वाळूची पोती ठेवावीत, नाहीतर टायरला खालून भोके पाडावीत.

नवीन हौद बांधणाऱ्यांनी एका दिवसाच्या खपापुरताच हौद बांधावा. तळाला एका बाजूस उतार द्यावा व तेथे बूच बसवावे. जास्तीचा साठा वेगळ्या, घट्ट झाकणाच्या टाकीत करून नळाने हौदात सोडावा. टाकीच्या हवेच्या नळीला व जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला बारीक जाळी बांधावी. बुचातून निघणारे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातील केळी-नारळाच्या आळ्यात सोडावे.